क्वांटम येण्याआधीची कामे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑगस्ट २०२४मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, सहा क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) क्वांटम प्रोसेसरची पूर्ण चाचणी झाली. डीआरडीओची पुण्यातली तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा, टीआयएफआर आणि टीसीएस अशा तिघांचे हे काम. क्लाउडवरून गणित पाठवायचे, अतिसंवाहक परिपथावर ते चालवायचे आणि उत्तर परत क्लाउडवर आणायचे, हा सगळा प्रवास त्यात पार पडला. अशी बातमी आली की गिरगावातल्या सीएंच्या ऑफिसांपासून परळच्या इस्पितळांतल्या आयटी विभागांपर्यंत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, ‘आता पासवर्ड, डीएससी (डिजिटल सहीचे प्रमाणपत्र), नेट बँकिंग सगळे गेले.’ दुसरे, ‘हे आपल्या हयातीत होत नाही, सोडून द्या.’ दोन्ही चुकीची आहेत, आणि दुसरे जास्त महागात पडणारे आहे.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. इंटरनेटवरची सुरक्षा दोन प्रकारच्या किल्ल्यांवर चालते. पहिल्या प्रकारात पाठवणारा आणि घेणारा यांच्याकडे एकच गुप्त किल्ली असते. एईएस हा त्यातला आजचा मुख्य अल्गोरिदम. दुसऱ्यात किल्ल्यांची जोडी असते, एक जाहीर आणि एक खासगी. चाळीच्या जिन्याखालच्या टपालपेटीत पत्र कोणीही टाकू शकतो, पेटी उघडते मात्र एकाच किल्लीने, तसे. आरएसए आणि इलिप्टिक कर्व्ह हे या दुसऱ्या प्रकारातले. बँकेची वेबसाइट उघडताना होणारी सुरुवातीची देवघेव, डीएससीची सही, ई-आधारवरची सही, मोबाइलला आलेले अपडेट खरे की बनावट याची तपासणी, ही सगळी कामे त्यांच्यावर चालतात. १९९४मध्ये बेल लॅब्जच्या पीटर शोर यांनी दाखवून दिले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक हाताशी असेल तर हा दुसरा प्रकार मोडता येतो.

गैरसमज: सगळेच एन्क्रिप्शन निकामी होणार

नाही. पहिल्या प्रकाराला क्वांटमचा धक्का सौम्य आहे. आयआयटी दिल्लीत शिकलेले आणि पुढे बेल लॅब्जमध्ये गेलेले लव ग्रोव्हर यांनी १९९६मध्ये शोधाचा जो क्वांटम अल्गोरिदम मांडला, त्याने एईएसची ताकद कागदावर निम्म्या बिटांवर येते. २५६ बिटांची किल्ली वापरली की त्यानंतरही १२८ बिटांची ताकद उरते, आणि ती भरपूर आहे. म्हणून सर्व्हरवर एईएस-२५६ने बंद केलेली फाइल सुरक्षित आहे. मात्र ती एईएसची किल्ली आरएसएच्या पाकिटात घालून पाठवली असेल तर हल्ला त्या पाकिटावर होईल. आधार प्रमाणीकरणाची रचनाच बघा: माहिती एईएस-२५६ने बंद होते आणि ती सत्रकिल्ली यूआयडीएआयच्या २०४८ बिटांच्या जाहीर किल्लीने. बदल करायचा आहे तो या दुसऱ्या थरात.

गैरसमज: आरएसए तर केव्हाच फुटले

ऑक्टोबर २०२४मध्ये ‘चिनी शास्त्रज्ञांनी लष्करी दर्जाचे एन्क्रिप्शन फोडले’ अशा मथळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅप भरून गेले होते. प्रत्यक्षात त्या गटाने डी-वेव्ह कंपनीच्या क्वांटम यंत्रावर २२ बिटांच्या संख्येचे अवयव पाडले होते. २२ बिटांची संख्या म्हणजे ४२ लाखांच्या आतली. तिचे अवयव साधा फोन क्षणात पाडतो. वापरातल्या आरएसए-२०४८ची संख्या ६१७ अंकी असते. ती फोडायला किती मोठे यंत्र लागेल याचा गूगलच्या क्रेग गिडनी यांचा २०१९चा अंदाज होता दोन कोटी क्युबिट. कुलाब्याच्या प्रोसेसरमध्ये सहा आहेत, गूगलच्या डिसेंबर २०२४मधल्या ‘विलो’ चिपमध्ये १०५.

इथवर वाचून दुसऱ्या मताच्या लोकांना बरे वाटेल. पण याच गिडनी यांनी मे २०२५मध्ये नवा हिशेब मांडला: दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याच्या आतला वेळ. यंत्र तितके वाढले नव्हते. गणित सुधारले आणि गरज सहा वर्षांत वीसपटीने खाली आली. यंत्राची तारीख कोणालाच सांगता येत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर २०२४च्या मसुद्यात स्वतःपुरती तारीख ठरवली आहे: आरएसए-२०४८सारखे अल्गोरिदम २०३०नंतर टाळायचे, २०३५नंतर वापरायचेच नाहीत.

गैरसमज: यंत्र येईल तेव्हा बघू

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होणार आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

दादरला लागून असलेल्या प्रभादेवीत टाटा कम्युनिकेशन्सचे, म्हणजे पूर्वीच्या व्हीएसएनएलचे, समुद्री केबलचे स्थानक आहे. मुंबईचा परदेशांशी होणारा डेटाचा व्यवहार अशाच केबलींतून समुद्रात उतरतो. केबल वाटेत कुठेही ऐकता येते, आणि देश ती ऐकतात. २०१३मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून ब्रिटनचा ‘टेम्पोरा’ कार्यक्रम जगाला कळला. फायबरवरची वाहतूक साठवून ठेवून चाळणे हेच त्याचे काम होते. आज न उलगडणारा डेटा आज साठवायचा आणि यंत्र हाती आले की उलगडायचा, याला सुरक्षेच्या जगात ‘आता गोळा करा, नंतर उघडा’ म्हणतात. त्यासाठी आज क्वांटम संगणक लागत नाही, फक्त साठवणूक लागते.

मग प्रश्न उरतो तो गुपिताच्या आयुष्याचा. ओटीपीचे गुपित काही मिनिटांत संपते. तो दहा वर्षांनी उलगडून कोणाला काही मिळणार नाही. परळच्या इस्पितळांतली माहिती मात्र वेगळी आहे. कर्करोगाच्या निदानासाठी लहान मुलाची जनुकीय तपासणी झाली आणि तो अहवाल परदेशातल्या प्रयोगशाळेकडून आला, तर ती माहिती त्या मुलाच्या भावंडांना आणि पुढे त्याच्या मुलांनाही लागू पडते. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३पासून चालू आहे. वैद्यकीय माहिती किती दशके कामाची राहते याचा तो पुरावाच.

कॅनडातले क्रिप्टोग्राफीचे अभ्यासक मिशेल मोस्का यांनी हिशेब सोपा करून ठेवला आहे. गुपित किती वर्षे टिकायला हवे आणि यंत्रणा बदलायला किती वर्षे लागतील, यांची बेरीज करा. यंत्र येण्यास उरलेल्या वर्षांपेक्षा ती जास्त भरली, तर तुम्हाला उशीर झालेला आहे. ४० वर्षांचे गुपित जपणाऱ्या इस्पितळासाठी यंत्र २०३५ला येते की २०४५ला, याने फारसा फरक पडत नाही.

हेही सांगायला हवे की केबल ऐकण्याची ऐपत मुख्यतः सरकारांची असते. सामान्य खातेदाराला आजचा धोका खोट्या कॉलचा आणि दुसऱ्याला सांगून टाकलेल्या ओटीपीचा आहे. तिथली सावधगिरी सोडून क्वांटमची चिंता करत बसू नये.

गैरसमज: क्वांटमशी लढायला क्वांटमच लागते

‘क्वांटम-सेफ’ असा शिक्का मारून महागडी पेटी विकणाऱ्यांना हा समज सोयीचा आहे. क्वांटम किल्ली-वाटप ही खरी विद्या आहे. तिचा पहिला मोठा प्रस्ताव, बेनेट आणि ब्रासार यांचा, डिसेंबर १९८४मध्ये आपल्या बंगळूरच्या परिषदेतच मांडला गेला. पण त्याला खास उपकरणे लागतात, आणि सही तपासण्याचे काम ते करत नाही. सर्वांसाठीचा उपाय आहे क्वांटमोत्तर क्रिप्टोग्राफी. क्वांटम संगणकालाही अवघड जाईल असे हे गणित साध्या फोनवर, साध्या सर्व्हरवर चालते. आठ वर्षांच्या खुल्या छाननीनंतर १३ ऑगस्ट २०२४ रोजी एनआयएसटीने त्याची पहिली तीन मानके जाहीर केली: किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केम, सहीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए.

ते तुमच्या घरात आलेही आहे. सिग्नलने सप्टेंबर २०२३मध्ये, अ‍ॅपलच्या आयमेसेजने २०२४मध्ये, क्रोमने एप्रिल २०२४मध्ये ही सोय सुरू केली. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे ओपनएसएसएच तर एप्रिल २०२२पासून, ९.० आवृत्तीपासून, किल्ली ठरवताना क्वांटमोत्तर पद्धत आपणहून वापरते. ओपनएसएसएलच्या ३.५ आवृत्तीत, एप्रिल २०२५मध्ये, तिन्ही मानके आली. संगणकावरच्या क्रोममध्ये एखादी साइट उघडा, डेव्हलपर टूल्समधला सुरक्षेचा भाग पाहा. किल्लीच्या देवघेवीच्या नावात एमएलकेम ही अक्षरे असतील तर ती जोडणी नव्या पद्धतीची आहे. नसतील तर बहुतेक वेळा सर्व्हरच्या बाजूचे काम बाकी आहे.

गैरसमज: अपडेट मारले की झाले

सॉफ्टवेअरपुरते हे बरेचसे खरे आहे, हार्डवेअरला नाही. अडचण आकाराची आहे. जुन्या पद्धतीत (एक्स२५५१९) किल्लीसाठी ३२ बाइट पाठवावे लागत. एमएल-केम-७६८ची जाहीर किल्ली १,१८४ बाइटांची. इलिप्टिक कर्व्हची सही ६४ बाइटांची, एमएल-डीएसएची सर्वांत लहान सही २,४२० बाइटांची. क्रोमने एप्रिल २०२४मध्ये बदल केला तेव्हा पहिला संदेश एका पॅकेटात मावेना, आणि काही जुने फायरवॉल व सर्व्हर जोडणीच तोडू लागले. दोष त्या उपकरणांचा होता, पण ‘साइट उघडत नाही’ म्हणून फोन आयटीवाल्याला गेला.

छोट्या चिपांचे आणखी अवघड. गिरगाव-दादरच्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात एक खण असतो. त्यात अशिलांची डीएससी टोकने, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी चिकटवलेली, काहींवर पिनसुद्धा लिहिलेला. त्या पेनड्राइव्हएवढ्या वस्तूत खासगी किल्ली असते आणि ती चिपबाहेर येत नाही, हीच तिची खरी सुरक्षा. आज सर्रास मिळणारी ही टोकने आरएसए आणि इलिप्टिक कर्व्हसाठी घडवलेली आहेत. एवढ्या मोठ्या सह्यांचे गणित त्यांच्यावर नंतर चढवता येईल असे धरून चालू नये. दिलासा इतकाच की डीएससीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असते, त्यामुळे टोकन बदलण्याची संधी आपोआप येते. तोवर घाईने काही विकत घेऊ नका: कायद्याची मान्यता सीसीएच्या (प्रमाणन संस्थांच्या सरकारी नियंत्रकाच्या) परवानाधारक संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्राला असते, वेष्टनावरच्या शिक्क्याला नाही. आणि पिनची चिठ्ठी आजच काढा. ते टोकन गैरवापरायला कोणत्याही क्वांटम संगणकाची गरज नाही.

बँकांमधली एचएसएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी बंदिस्त यंत्रे, ही याच साखळीतली महागडी कडी. काहींना नवे फर्मवेअर मिळेल, काही बदलावीच लागतील. त्यातही बारकावा असा की फर्मवेअरचा खरेपणा तपासणारी किल्ली उपकरणात बऱ्याचदा कारखान्यातच कायमची कोरलेली असते. ती आरएसएची असेल तर वरचे सगळे बदलूनही पाया जुनाच राहतो. ही किल्ली बदलता येते का, हा खरेदीवेळी विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. वेळ किती लागतो याचा अनुभव आपल्याला आहे: नवी कार्डे चिपचीच द्या असे रिझर्व्ह बँकेने २०१५मध्ये सांगितले, आणि जुनी चुंबकीय पट्टीची कार्डे बदलायला ३१ डिसेंबर २०१८ची मुदत द्यावी लागली. तो बदल कार्डांच्या व्यवस्थेपुरताच होता.

गैरसमज: सही नंतर बदलली तरी चालेल

अर्धे खरे. आजची सही भविष्यात फोडून आजच्या व्यवहारात कोणी घुसू शकत नाही. पण उद्या किल्ली फुटली तर मागची तारीख टाकून खोटा दस्त बनवता येईल. लालबागच्या अनेक घरांची जमीन कोकणात आहे, आणि १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. त्याची पीडीएफ जपून ठेवणे चांगले, तरी खात्री करायची ती पडताळणी क्रमांक टाकून, शासनाच्या नोंदीवरून. चाळींच्या पुनर्विकासाच्या करारांनाही दशकांचे आयुष्य असते. असे दस्त सांभाळणाऱ्या संस्थांनी विश्वासार्ह कालमुद्रा घेणे आणि नवे अल्गोरिदम मान्य झाले की जुन्या संग्रहावर नव्याने सही करणे, हा मार्ग आहे.

नवे अल्गोरिदम कच्चे आहेत, ही शंका मात्र मी गैरसमजात धरत नाही. २०२२मध्ये एनआयएसटीच्या छाननीतला ‘साइक’ हा उमेदवार बेल्जियमच्या दोन संशोधकांनी साध्या संगणकावर तासाभरात फोडला. अशा धोक्यामुळेच आज जुनी आणि नवी पद्धत जोडून वापरतात. दोन्ही फुटल्याशिवाय गुपित उघडत नाही. थांबून राहण्यापेक्षा हा रस्ता नक्कीच शहाणपणाचा आहे.

नियामकही हलले आहेत. सेबीने ऑगस्ट २०२४च्या सायबर सुरक्षा चौकटीत जोखीम तपासताना क्वांटमोत्तर धोका धरायला सांगितले. दलाल स्ट्रीटवरच्या दलालांना ते लागू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने जुलै २०२५मध्ये संस्थेत कुठे कोणती क्रिप्टोग्राफी वापरात आहे याची यादी कशी ठेवावी याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या.

इस्पितळ असो, सहकारी बँक असो की चार खोल्यांचे सीए ऑफिस, सुरुवात या यादीपासूनच करा: वेबसाइट, ईमेल, व्हीपीएन, फायरवॉल, बॅकअप, टोकन, एचएसएम. प्रत्येकापुढे अल्गोरिदम, पुरवठादार आणि त्यातल्या माहितीला किती वर्षे गुप्त ठेवायचे ते लिहा. मग पुढच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणाआधी पुरवठादाराला लेखी विचारा: एमएल-केम आणि एमएल-डीएसए कधी देणार, फर्मवेअरच्या तपासणीची किल्ली बदलता येते का, आणि नाही तर उपकरण कधी बदलून देणार. उत्तरही लेखीच घ्या.