घरच्या संगणकाचा पहारेकरी

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, श्रीपेरुम्बुदूरच्या अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. तमिळ भाषेत कोट्टै म्हणजे किल्ला. आपला कोट त्याच्याच नात्यातला. आज मात्र त्या गावाची ख्याती तटबुरुजांमुळे नाही, तर मोटारींच्या कारखान्यामुळे आहे. ह्युंदाईच्या या कारखान्यातून १९९८ साली मोटारी बाहेर पडू लागल्या, आणि २०२३ मध्ये याच कंपनीने पुण्याजवळील तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला. नोकरीनिमित्त एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात संसार थाटणाऱ्या कुटुंबाच्या घरी हल्ली भांड्याकुंड्यांच्या जोडीने संगणकही येतो. तो देताना दुकानदाराचा एक प्रश्न ठरलेला असतो : “अँटिव्हायरस कोणता घालू?”

योगायोग असा की, या प्रश्नाची दोन देशी उत्तरे याच दोन शहरांनी दिली आहेत. चेन्नईत केशवर्धनन यांनी १९९१ साली के-सेव्हन ही कंपनी काढली. पुण्यात, दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदीच्या दशकात क्विक हील निर्माण केले. दुरुस्तीस येणारे संगणक वारंवार विषाणूंनी बिघडलेले असत. त्या गरजेतून हा उद्योग उभा राहिला.

विषाणू म्हणजे तरी काय? कोणी तरी हेतुपूर्वक लिहिलेली, स्वतःच्या प्रती काढीत पसरणारी आज्ञावली. तिला ओळखण्याचे मुख्य मार्ग दोन. पोलीस ठाण्यात जशी नामचीन गुन्हेगारांच्या बोटांच्या ठशांची नोंद असते, तशी ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी ठेवणे हा पहिला. परंतु नव्या चोराचा ठसा दप्तरी कोठून असणार? म्हणून दुसरा मार्ग वर्तनावर नजर ठेवण्याचा. एखादी आज्ञावली अचानक शेकडो फायली कुलूपबंद करू लागली, तर तिचे नाव ठाऊक नसले तरी तिला अडवावयास हवे. पहिल्या मार्गासाठी यादी नित्य ताजी लागते. महिनोन्महिने न बदललेली यादी जवळजवळ निरुपयोगी.

आता निवडीचा प्रश्न. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्या प्रणालीत डिफेंडर हा पहारेकरी अंगचाच येतो, त्यास निराळे मोल पडत नाही, आणि सामान्य घरास तो पुरेसा आहे. ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. त्याचे कारण शोधावयास फार दूर जाण्याचे प्रयोजन नाही! शिवाय पुष्कळ नव्या संगणकांत थोड्या मुदतीचा दुसरा अँटिव्हायरस आधीच घातलेला असतो. तो चालू असेतो डिफेंडर बाजूस होतो. मुदत संपल्यावर एक तर पैसे भरून ती वाढवावी, नाही तर तो रीतसर काढून डिफेंडर पुन्हा जागा झाल्याची खात्री करावी. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदविण्याच्या भरीस पडू नये. ते एकमेकांनाच संशयित धरतात, आणि यंत्र मंदावते ते वेगळेच.

मुलांच्या वापरावर नियंत्रण हवे, किंवा अडचणीच्या वेळी दूरध्वनीवर मदत हवी, अशा घराने पैसे मोजून अँटिव्हायरस जरूर घ्यावा. मात्र खोक्यावरील प्रशस्तीपेक्षा माग्देबुर्गच्या एव्ही-टेस्ट किंवा इन्सब्रुकच्या एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्थांचे निकाल पाहावेत. निरुपद्रवी फायलींवर कोण खोटी आरोळी ठोकतो, यंत्र कोण मंदावतो, हेही तेथे कळते. दुसऱ्या वर्षाचा दर पहिल्याच दिवशी विचारून ठेवावा.

फुकट मिळते ते सारेच वाईट नव्हे. पण फुकटाचाही हिशेब असतो. अव्हास्ट या प्रसिद्ध कंपनीने ग्राहकांच्या जालभ्रमणाची माहिती विकली, असा ठपका ठेवून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ साली तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. राखणदारच घरातल्या गोष्टी बाजारात सांगू लागला, तर तक्रार कोणाकडे न्यावी? आपल्या सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून विषाणू काढण्याची काही साधने विनामूल्य दिली आहेत. ती माहीत असावीत.

तरीही अँटिव्हायरसपेक्षा मोठे रक्षण प्रणालीच्या वेळेवर केलेल्या दुरुस्तीत असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर हाहाकार केला. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी “उद्या पाहू” म्हणून टाळली, त्यांची दारे उघडी राहिली. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे जुना संगणक स्वस्तात घेणाऱ्याने ध्यानी धरावे.

दूरध्वनीवरून पोलीस असल्याची बतावणी करून घाबरविणारा भामटा कोणत्याही अँटिव्हायरसला दिसत नाही. पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि छायाचित्रे व कागदपत्रे यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी; जोडलेली राहिल्यास खंडणीखोर विषाणू तिलाही कुलूप घालतो.