काम थांबलं, तरी हिशेब थांबत नाही



“ताई, पुढच्या महिन्यापासून आपलं काम थांबवतोय.” चार वर्षं मी ज्यांच्यासाठी घरून अनुवाद केले, त्यांचा एवढाच फोन आला. मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. माझं काय चुकलं, याच विचारात आठवडा गेला. दोन बिलं बाकी होती, एक पुस्तक अर्धं झालेलं होतं, हे नंतर सुचलं. तोवर फोन करणारे साहेब नोकरी सोडून गेले होते. नवीन माणूस म्हणाला, “आमच्याकडे तशी काही नोंद नाही.” बिलांचे पैसे पाच महिन्यांनी मिळाले. अर्ध्या पुस्तकाचे मिळालेच नाहीत.

शिवणकाम असो, टायपिंग असो, की कुणाचे हिशेब लिहिणं असो, आपण नोकरीत नसतो. त्यामुळे काम सुटताना ग्रॅच्युइटी नाही, रजेचे पैसे नाहीत. हातात असतो तो फक्त आपल्या कामाचा हिशेब. तो आपणच मांडायचा.

पहिली गोष्ट, त्याच दिवशी लेखी निरोप पाठवा. व्हॉट्सॲप चालेल, ई-मेल अधिक बरा. कागद-पेन घ्या, सांगते: “आज फोनवर आपण काम थांबवत असल्याचं कळवलंत. आजवर पूर्ण झालेलं काम हे, अर्धं झालेलं हे, बाकी रक्कम इतकी. कृपया कधीपर्यंत द्याल ते कळवा.” बस्स. रागाचा एक शब्दही नको.

दुसरी, करार काढून वाचा. काम थांबवण्याआधी किती दिवसांची सूचना द्यायची, अर्ध्या कामाचे पैसे कसे, हे त्यात असेल तर तेच वाक्य निरोपात घाला. करार नसेल तर जुने मेसेज, पावत्या, बँकेतल्या नोंदी जपून ठेवा. फोन बदलताना त्या पुसल्या जाऊ देऊ नका.

तिसरी, त्यांचं जे आपल्याकडे आहे, कापड, कागदपत्रं, पेन ड्राइव्ह, ते परत करा आणि पोच घ्या. पैसे अडवले म्हणून वस्तू अडवू नका. त्यात आपलीच बाजू लंगडी पडते.

चौथी, मानधनातून कर कापला जात असेल तर तो आपल्या पॅनवर जमा झालाय का, ते फॉर्म २६ एएसमध्ये पाहा. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो.

आता पैसे दिलेच नाहीत तर? ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या, माल बनवून देणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकासाठी २००६ चा कायदा आहे. मुदत लेखी ठरली असली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. ही नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. मात्र काम घेण्याआधीच ती करून ठेवा. भांडण झाल्यावर धावपळ करून भागत नाही.

नोंदणी नसली तरी हक्क संपत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तिथे जायला लाजू नका. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. पण फार थांबू नका; पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

आणि शेवटी, निरोप गोडीनं घ्या. कामाबद्दल दोन ओळींचं शिफारसपत्र मागा. लोक सहसा नाही म्हणत नाहीत. मला पुढचं काम अशाच दोन ओळींवर मिळालं. या वेळी करार मात्र मी आधी वाचला, मग सही केली.