‘प्रोजेक्टमध्ये तुझं काम काय होतं?’ फ्रेशर इंजिनियर, ग्रुप प्रोजेक्ट आणि आपलं वर्कशॉप

परवाच्या व्हिडिओत आपण फ्रेशर इंजिनियरचा इंटरव्ह्यू कसा घ्यायचा ते बघितलं. त्यात एक प्रश्न मी घाईघाईत सांगून पुढे गेलो, आणि खरं तर तोच सगळ्यात कामाचा होता. प्रश्न असा: "शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तुझं काम काय होतं?"

बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर, आम्ही चौघांनी मिळून केला." पुढे विचारलं की मुलगा गप्प.

यात मुलाचं नुकसान आहेच, पण आपलंही आहे. दहा-बारा माणसांच्या युनिटमध्ये आपण एक इंजिनियर घेतो. ऑपरेटरशी कसं बोलायचं, व्हेंडरला फोन करून काय विचारायचं, काम अडलं तर कुणाला कधी सांगायचं, हे त्याला येत नसेल तर पहिले सहा महिने मालकच त्याचं काम करत बसतो. पगार वेगळा.

आता तुम्ही म्हणाल, हे कॉलेजने शिकवायला नको का? कागदावर ते आहे. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. सदस्य देशांनी एकमेकांच्या मान्यताप्राप्त इंजिनियरिंग पदव्या मान्य करायच्या, असा हा करार. आपल्याकडे ही मान्यता नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रिडिटेशन देतं. मान्यता देताना बोर्डाने वर्षानुवर्षं जी बारा गुणांची यादी वापरली, त्यात टीममध्ये काम करणं, संवाद, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि फायनान्स हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि हे गुण मुलांना शिकायला मिळण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे शेवटच्या वर्षाचा ग्रुप प्रोजेक्ट.

मग गाडी अडते कुठे? चार मुलं एका कामाला लावली की टीम आपोआप तयार होते, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. रिंगेलमन नावाच्या एका फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. १९१३ मध्ये त्याचे आकडे छापून आले. आठ जण एकत्र ओढत होते, तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढताना लागणाऱ्या जोराच्या साधारण निम्म्यावर आला होता. थोडा जोर ताळमेळ नसल्यामुळे वाया जातो. आणि पुढच्या संशोधकांनी दाखवलं की आपला वाटा वेगळा मोजला जात नाही म्हटल्यावर माणूस हात थोडा सैल सोडतोच. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये रिपोर्ट एक, मॉडेल एक आणि मार्कही जवळपास सारखेच. मग एक जण राबतो, एक जण बाइंडिंग करून आणतो आणि दोघं व्हायव्हाच्या आदल्या रात्री वाचतात. काही ग्रुप तर प्रोजेक्ट तयारच विकत आणतात. त्याबद्दल काय बोलायचं!

आता एक उदाहरण सांगतो. माझ्या ओळखीचे एक वर्कशॉपवाले आहेत, जॉबवर्क करतात. त्यांच्याकडे एका फ्लँजवर ८.५ मिमीची चार भोकं पाडायची असत, नंतर त्यात एम-१० चे आटे. हेल्पर प्रत्येक नगावर मार्किंग करून पंच मारायचा. मेकॅनिकलच्या चार मुलांना त्यांनी सांगितलं, "मार्किंग बंद होईल अशी ड्रिल जिग करून द्या." एवढंच. पण एक अट घातली. दर शनिवारी एक पान आणून द्यायचं. त्यावर प्रत्येकाच्या नावासमोर तीनच गोष्टी: या आठवड्यात काय केलं, काय अडलं, कुणाच्या उत्तरासाठी थांबलोय.

पहिले तीन शनिवार पानावर एकाच मुलाचं नाव भरलेलं. त्याला कॅड चांगलं येत होतं, म्हणून सगळं त्याच्याकडे. बाकी तिघांसमोर ‘मदत केली’. मालक रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "कसली मदत?" पुढच्या आठवड्यात कामं वाटली गेली: ड्रॉइंग एकाकडे, खरेदी एकीकडे, मशीनिंगचा पाठपुरावा तिसऱ्याकडे, चाचणी आणि हिशोब चौथीकडे.

सहाव्या आठवड्यात कॅडवाला प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला बाहेरगावी गेला आणि काम ठप्प! शेवटचं ड्रॉइंग फक्त त्याच्या लॅपटॉपमध्ये. मशीनिंगवाला जुन्या प्रिंटवर प्लेट कापून मोकळा झाला होता. प्लेट गेली भंगारात. त्या दिवशी मुलांचं आपापसात चांगलंच वाजलं. पण त्यानंतर प्रत्येक ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर आला, तारीख आली आणि फाइल सगळ्यांना उघडता येईल अशा ड्राइव्हवर गेली. रिव्हिजन कंट्रोल वर्गात शिकवतात की नाही मला माहीत नाही. एक प्लेट भंगारात गेली की नक्की शिकतात.

दुसरा धक्का ऑपरेटरने दिला. जिग तयार झाली, दिसायला देखणी. ड्रिलवरच्या काकांनी बघितली आणि विचारलं, "चिप्स कुठून बाहेर पडणार?" ड्रिल बुशचं तोंड आणि जॉब यांच्यात मुलांनी फटच ठेवली नव्हती. दुसऱ्याच भोकाला बुश चोंदला. काका रोज तिथेच उभे होते, पण दोन महिन्यांत एकानेही त्यांना विचारलं नव्हतं. त्या दिवसानंतर खरेदीवाली मुलगी आल्याबरोबर आधी काकांकडे जायची.

आता हिशोब, कारण आपला विषय धंदा आहे. मुलांनी जिगची किंमत लिहिली ४,२०० रुपये, म्हणजे फक्त मटेरियल, बुश आणि क्लॅम्प. मालक म्हणाले, "माझं मशीन काय फुकट चाललं?" नऊ तास मशीनिंग, तासाला ३५० प्रमाणे ३,१५०. झाले ७,३५०. मग दुसरी बाजू मांडायला लावली. नगामागे दोन मिनिटं मार्किंग वाचतं, दिवसाला ४० नग, म्हणजे ८० मिनिटं. हेल्परचा तास ९० रुपये धरला तर रोजचे १२० रुपये. जिगचे पैसे ६२ कामाच्या दिवसांत सुटतात. हे एवढं गणित ज्या मुलाला व्हायव्हामध्ये मांडता येतं, त्याला मी तरी लगेच घेईन.

बाहा एसएई इंडियासारख्या स्पर्धांमध्ये उतरलेली मुलं या बाबतीत पुढे दिसतात, त्याचं कारणही हेच. तिथे चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत असते, पण गाडीच्या खर्चाचंही मूल्यमापन होतं आणि गाडी विकायची कशी याचं प्रेझेंटेशनही द्यावं लागतं. स्पॉन्सर शोधायला दारोदार फिरावं लागतं ते वेगळंच. मात्र तिथेही पंचवीस जणांच्या टीममध्ये फोटोपुरती उभी असलेली मुलं असतातच. म्हणून सर्टिफिकेट बघून भुलू नका, तोच प्रश्न विचारा.

आणि पुढचे दोन प्रश्न जोडा. "टीममध्ये कुणाशी वाजलं आणि मग काय केलंत?" "सर, आमच्यात काही वाद झालाच नाही," असं उत्तर आलं तर मला शंका येते. दुसरा: "तू आठ दिवस नसतास तर काम कुठे अडलं असतं?" ज्याने खरंच काम केलंय, तो नेमकी जागा सांगतो.

तुमच्याकडे असा प्रोजेक्ट द्यायचा असेल तर एक व्यावहारिक गोष्ट. बहुतेक ठिकाणी विषय सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच ठरतात. म्हणून जूनमध्येच जवळच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना भेटा. बरोबर एक पान न्या: अडचण काय आहे, आज त्यात किती वेळ जातो, तुम्ही किती खर्च कराल आणि शॉपमधला कुठला माणूस मुलांना आठवड्यातून एक तास देईल. आणि त्या माणसाला आधी विचारून घ्या.