वावटळीचा माग: एइको होसोए यांची ‘कामाइताची’

जपानच्या बर्फाळ भागांत कामाइताची नावाच्या प्राण्याची दंतकथा आहे. तो वावटळीवर स्वार होऊन येतो, शेतात किंवा वाटेवर एकट्यादुकट्याला गाठतो आणि विळ्यासारख्या नख्यांनी कातडी चिरून पसार होतो. जखम उरते, प्राणी मात्र कोणाच्याच नजरेस पडत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते कॅमेऱ्याला कसे दिसणार? छायाचित्रकार एइको होसोए (१९३३–२०२४) यांनी ‘कामाइताची’ या छायाचित्रमालिकेसाठी नेमका हाच विषय निवडला.

होसोए यांचा जन्म यामागाता परगण्यातील योनेझावाचा, वाढले तोक्योत. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांच्या भीतीने शहरातली मुले खेड्यांत हलवली गेली, तेव्हा १९४४मध्ये तेही योनेझावाकडे परतले. कामाइताचीच्या गोष्टींची धास्ती त्यांना याच मुक्कामात बसली. भातखाचरे, अंधार, भूक आणि युद्ध यांची सरमिसळ झालेले ते दिवस मागाहून टिपायचे, तर निव्वळ वार्ताचित्रण पुरे पडणारे नव्हते.

वाट सापडली ती एका नर्तकामुळे. १९५९मध्ये होसोए यांनी तात्सुमी हिजिकाता यांचा ‘किनजिकी’ हा प्रयोग पाहिला. पुढे ‘बुतो’ म्हणून जगभर गाजलेल्या नृत्यप्रकाराचा आरंभ त्यातच मानला जातो. हिजिकाता आकिताचे, म्हणजे तेही ईशान्य जपानचेच. १९६५मध्ये दोघे आकितातील ताशिरो या खेड्यात गेले. पटकथा नव्हती. हिजिकाता कधी तान्हे मूल काखोटीला मारून खाचरातून धावत सुटले, कधी पोरांसमोर हवेत उसळले, कधी उंच लाकडी चौकटीवर एखाद्या पाखरासारखे दबा धरून बसले. गावकरी काही चित्रांत चकित, काहींत खो-खो हसणारे. आणि या हसण्यामुळेच मालिका भयपटाच्या वाटेला जात नाही. पुढची काही छायाचित्रे तोक्योतही घेतली गेली.

सगळे काम कृष्णधवल फिल्मवरचे. छपाईत होसोए आकाश गडद करतात आणि पांढरा रंग भगभगीत ठेवतात. त्यामुळे भरदिवसाचे खाचरही अवकाळी सांजावल्यासारखे भासते. प्रत्यक्ष घडलेली घटना आणि रचलेले नाट्य यांतली सीमा येथे मुद्दामच पुसट आहे. या मालिकेला निव्वळ लोकजीवनाची नोंद समजणे चूक ठरेल, आणि केवळ स्टुडिओतली कल्पना म्हणणे त्याहून चूक, कारण माती, वारा आणि माणसे खरी आहेत.

१९६८मध्ये या छायाचित्रांचे तोक्योत प्रदर्शन भरले आणि १९६९मध्ये पुस्तक निघाले. प्रती हजारच, मांडणी इक्को तानाका यांची, प्रस्तावना कवी-समीक्षक शूझो ताकिगुची यांची. उलगडणाऱ्या पानांच्या आतल्या बाजूला गडद निळा रंग होता. १९७०मध्ये मालिकेला जपानच्या शिक्षण मंत्रालयाचा कलापुरस्कार मिळाला. हिजिकाता १९८६मध्ये गेले. ताशिरोत २०१६पासून या मालिकेला वाहिलेले छोटे संग्रहालय आहे.