जुनी चाके (भाग ७) : आधी किक नको

गेल्या आठवड्यात सांगाड्याचा गंज आणि चाकांची बेअरिंगे पाहिली. आता इंजिन. उदाहरणाला जावा २५० घेऊ, कारण महाराष्ट्रातल्या पडव्यांमध्ये आणि बंद गोठ्यांमध्ये ती अजूनही सापडते, बहुतेकदा सीटवर पोते टाकलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ती चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर बनू लागली. पुढे टाकीवरचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. त्या घराण्यातली शेवटची गाडीसुद्धा आता जुनी म्हणावी अशीच आहे.

अशी गाडी अंगणात आणली की घरातल्या प्रत्येकाचा पाय शिवशिवतो. जावाची किक डावीकडे असते. गिअरचाच दांडा आत दाबून मागे वळवला की त्याची किक होते. ही करामत पाहुण्यांना दाखवायचा मोह कुणालाही होईल, पण तो आवरावा. सिलिंडर ओतीव लोखंडाचा असतो. वर्षानुवर्षे ओल लागून त्याला आतून गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा जागच्या जागी चिकटतात. त्यावर अंगातले सगळे बळ लावून किक मारली, तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला चरे पडतात. बरीच जुनी इंजिने उभी राहून खराब झालेली नसतात, ती सुरू करण्याच्या घाईत खराब होतात.

म्हणून आधी प्लग काढायचा. त्या भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल ओतून गाडी काही दिवस तशीच ठेवायची. मग चौथा गिअर टाकून मागचे चाक हाताने थोडे पुढे, थोडे मागे करायचे. वरच्या गिअरमध्ये चाकाचा जोर क्रँकपर्यंत सर्वांत जास्त पोहोचतो. चाक हलले नाही तर पुन्हा ऑइल, पुन्हा वाट पाहणे. एवढे करूनही पिस्टन सुटला नाही, तर हेड आणि सिलिंडर उतरवावेच लागतात.

करंटचे काम त्या मानाने सोपे. सहा व्होल्टची बॅटरी नवी घ्यावी, जुनीवर वेळ घालवू नये. पॉइंटच्या तोंडावर पांढुरकी साय चढलेली असते. ती बारीक पॉलिश पेपरने काढून फट ०.४ मिलिमीटर ठेवायची. प्लग हेडला टेकवून किक हलकेच फिरवली की ठिणगी दिसते. निळी आणि कडक असेल तर उत्तम. पिवळी, मरतुकडी असेल आणि पॉइंटवरही चकमक उडत असेल, तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो.

खरी मेख असते ऑइल सीलमध्ये, आणि नेमके तेच काम लोक टाळतात. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँककेसमध्ये ओढली जाते, तिथे दाबली जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे क्रँककेस हवाबंद असणे ही या इंजिनाची पहिली अट. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. गाडी उभी राहिली की ते सुकून दगडासारखे होतात. उजवीकडचा, डायनॅमोमागचा सील गळू लागला की बाहेरची हवा आत शिरते. पेट्रोलचे प्रमाण घटते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन भणभणत राहते, तापते आणि एखाद्या चढावर पिस्टन सीज होतो. डावीकडचा, क्लचच्या बाजूचा सील गेला तर इंजिन गिअरचे ऑइल पिते. मागे दाट पांढरा धूर निघतो आणि गिअरबॉक्समधली पातळी उतरत जाते. मेकॅनिक कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा उघडतो, दोष मात्र दुसरीकडेच असतो. क्रोम आणि रंगावर हजारो रुपये घालून सील जुनेच ठेवलेली गाडी पाहिली की जीव हळहळतो. पाना फिरवायचाच आहे, तर पहिला खर्च इथे व्हावा.

पेट्रोलचेही दिवस बदललेत. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्या फुगवते. म्हणून नळी आणि पेट्रोल कॉकचे वायसर नवे टाकावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत. लिटरमागे ४० मिलिलिटर टू-टी ऑइल मिसळायला विसरू नये. या इंजिनात क्रँक आणि पिस्टनला दुसरे वंगण मिळत नाही.

सुट्या भागांबाबत एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. २०१८ मध्ये जावा नव्याने बाजारात आली, तिचे इंजिन २९३ सीसीचे, फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे आहे. जुन्या गाडीला त्यातले काही बसत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात चिकाटीने फिरावे लागते.

राहता राहिली कागदपत्रे. पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. रोज चालवायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचेच नूतनीकरण करून घ्यावे.

पुढच्या आठवड्यात ब्रेक. इंजिन सुरू झाले तरी लायनर आणि ड्रम तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये.