आराखडा सर्वांचा, नाव कर्त्याचे

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’चा गजर उठतो आणि गुलालात न्हालेल्या सासनकाठ्या आकाशात डोलू लागतात. कळक कसा निवडावा, तोल कसा सांभाळावा, दोर कसे धरावेत ही विद्या कोणा एका गावाची मालमत्ता नाही. एकाचे पाहून दुसऱ्याने शिकावे, अशीच ती चालत आली आहे. तथापि प्रत्येक काठी आपापल्या गावाच्या नावानेच ओळखली जाते. यंत्रे व इलेक्ट्रॉनिक चिप यांच्या आराखड्यांसाठी जगभर रूढ होत असलेल्या ‘मुक्त परवान्या’चे मर्मही हेच आहे.

लोखंड आणि चिप

डोंगर उतरून कोल्हापुरात आले की शिवाजी उद्यमनगर लागते. इंजिनाचा झिजलेला भाग घेऊन शेतकरी येथे येतो. कारागीर मापे घेतो, पॅटर्न बनवितो, ओतकाम होते, लेथवर सफाई होते आणि नवा भाग तयार होतो. लोखंडाचे गुपित डोळ्यांना दिसते. चिपचे दिसत नाही.

समजा, एखाद्या ग्रामपंचायतीने नळयोजनेच्या पंपासाठी स्वयंचलित नियंत्रक घेतला. काही वर्षांनी पुरवठादाराने ते मॉडेल बंद केले. सर्किटचा नकाशा हाती नाही, चिपमधील आज्ञावली उपलब्ध नाही. मग एक लहानसा भाग बिघडला तरी सारा संच बदलावा लागतो आणि तोवर गावाचे पाणी अडते. प्रश्न पैशांचा आहे, तितकाच परावलंबनाचाही आहे.

कायदा काय सांगतो?

संगणकाच्या आज्ञावलीला 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. यंत्रातील नव्या शोधाला पेटंट मिळते व त्याची मुदत 20 वर्षे असते. वस्तूच्या बाह्य रूपासाठी 2000 चा डिझाइन कायदा आहे. चिपमधील मंडलांच्या मांडणीसाठी त्याच वर्षीचा स्वतंत्र कायदा असून, नोंदणी केल्यास 10 वर्षे संरक्षण मिळते. यंत्राला असे अनेक हक्क लागू होत असल्याने केवळ आज्ञावलीसाठी लिहिलेला परवाना त्यास अपुरा पडतो.

ही उणीव ओळखून युरोपातील ‘सर्न’ या संशोधन संस्थेने 2011 मध्ये यंत्रसामग्रीसाठी खास मुक्त परवाना सिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती 2020 मध्ये निघाली. अशा परवान्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात, मूळ कर्त्याचे नाव व परवान्याचा मजकूर राखून आराखडा कोणीही वापरावा, बदलावा, विकावा. दुसऱ्यात आणखी एक अट असते: सुधारित आराखडा वा त्यावरून केलेली वस्तू दुसऱ्यास दिली, तर त्या सुधारणाही त्याच अटींवर खुल्या कराव्यात.

आपल्याकडील प्रयत्न

अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात 2010 मध्ये ‘रिस्क-फाइव्ह’ या मुक्त आज्ञासंचाचे काम सुरू झाले. आज्ञासंच म्हणजे प्रोसेसरला समजणारी भाषा. भाषा मुक्त असली तरी तीत लिहिलेला प्रत्येक ग्रंथ मुक्त असतोच असे नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. मद्रासच्या आय.आय.टी.ने या भाषेवर ‘शक्ती’ प्रोसेसर रचले आणि त्यांचे आराखडेही मुक्त परवान्याखाली खुले केले. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘फॉसी’ प्रकल्पाने सर्किट रचून संगणकावर तपासण्यासाठी ‘ईसिम’ हे मुक्त साधन तयार केले आहे; शिक्षकांना ते विनामूल्य वापरता येते. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाची स्थापना डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये केली. तेथे 2002 मध्ये ‘फॅब लॅब’ सुरू झाली आणि ग्रामीण मुलांना आपली उपकरणे आपणच घडविण्याची वाट मोकळी झाली.

मर्यादा आणि दक्षता

आराखडा विनामूल्य मिळाला म्हणजे चिप विनामूल्य मिळाली, असे नव्हे. ती घडविणारे कारखाने अतिशय खर्चिक असतात. शिवाय परवाना देणारा स्वतःचेच हक्क देऊ शकतो. त्या आराखड्यात तिसऱ्याचे पेटंट गुंतले असल्यास त्याची अनुमती वेगळी घ्यावी लागते. बहुतेक मुक्त परवाने वस्तूच्या गुणवत्तेची हमीही देत नाहीत. ती विक्रेत्याकडूनच लेखी घ्यावी.

पंचायतींनी व कार्यालयांनी खरेदीच्या वेळीच चार गोष्टी मागाव्यात: सर्किटचा नकाशा, सुट्या भागांची यादी, आज्ञावलीची मूळ प्रत आणि दुरुस्ती व फेरबदल करण्याची लेखी परवानगी. पहिल्या तीन हाती असून चौथी नसेल, तर कागद आपला पण अधिकार दुसऱ्याचा, अशी स्थिती होते.

सासनकाठी एकट्याने पेलत नाही. दोर धरणारे हात अनेक असतात. यंत्रविद्येचे दोरही असेच अनेक हाती आले, तर गावचा पंप गावातच दुरुस्त होईल आणि तो दुरुस्त करणारे हात गावच्याच शाळेत शिकलेले असतील.