फटका कोणता निवडावा?

टेनिस हा ताकदीचा खेळ आहे, असा सर्वसाधारण समज आहे. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात झालेल्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेत व्यावसायिक खेळाडूंचे जोरकस फटके पाहणाऱ्यांना तसेच वाटले असेल. परंतु आठवड्यातून दोन-तीनदा कोर्टवर उतरणाऱ्या हौशी खेळाडूचे बहुतेक गुण प्रतिस्पर्ध्याच्या अप्रतिम फटक्याने नव्हे, तर स्वतःच्या चुकीने जातात. चेंडू जाळ्यात अडकतो किंवा रेषेबाहेर पडतो. म्हणूनच फटका कसा मारावा याइतकाच तो कोणता मारावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

त्याचे उत्तर कोर्टच्या भूमितीत आहे. जाळे खांबांपाशी साडेतीन फूट, तर मध्यभागी तीन फूट उंच असते. एकेरीचे कोर्ट ७८ फूट लांब व २७ फूट रुंद. त्याचा कर्ण मात्र सुमारे साडेब्याऐंशी फूट भरतो. म्हणजेच तिरका फटका जाळ्याच्या सखल भागावरून जातो आणि त्याला साडेचार फुटांपर्यंत अधिक जागा मिळते. शिवाय तो मारल्यावर योग्य जागी परतण्यासाठी कमी धावावे लागते. मनात संभ्रम असेल तेव्हा चेंडू तिरकाच परतवावा.

सरळ रेषेतला फटका मोहक खरा. पण तिरक्या आलेल्या चेंडूची त्यासाठी दिशा बदलावी लागते. रॅकेटचा कोन किंचित चुकला तरी चेंडू बाहेर जातो. चेंडू आखूड पडला असेल आणि आपला तोल सावरलेला असेल, तेव्हासाठीच तो राखून ठेवावा. तेव्हाही नेम रेषेवर न धरता तिच्या तीन-चार फूट आत धरावा.

बेसलाइनच्या बरेच मागे ढकलले गेल्यास गुण जिंकण्याचा हट्ट सोडावा. उंच व खोल चेंडू टाकला, की सावरायला उसंत मिळते. दुहेरीत प्रतिस्पर्धी शेजारी-शेजारी उभे असतील तर दोघांच्या मधून मारणे फायद्याचे. चेंडू कोणी घ्यायचा, असा गोंधळ तेथे हमखास उडतो.

ऋतुजा भोसलेच्या साथीने रोहन बोपण्णाने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. पुढे २०२४ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले. वयानुसार पाय मंदावतात, पण निवड सुधारण्यास वयाची अट नाही. चाळिशीनंतर रॅकेट हाती धरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.